परमवीर चक्र फक्त शहिदांनाच मिळतं? नाही!

दर २६ जानेवारीला हे ऐकतोच, "परमवीर चक्र मिळायला मरावं लागतं". अहो नाही हो, हा नियमच नाहीये, कधीच नव्हता! आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळालंय, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर, हे खरंय, पण उरलेले ७ जण जिवंत होते ना, आणि त्यातले एक तर आपल्या शेजारच्या कारवारचे, रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकडीचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर वरून गोळीबार चालू असताना, स्वतः जखमी असूनही त्यांनी सुरुंग काढले, अडथळे हटवले, रणगाड्यांना वाट करून दिली, तेही दिवस-रात्र खपून, आणि मग १९६८ ला मेजर म्हणून रिटायर झाले. अशा माणसाला आपण "फक्त शहिदांना" म्हणून विसरून जातो याचं खरंच वाईट वाटतं.

नियमात काय आहे, तर शत्रूसमोर अतुलनीय शौर्य "किंवा" आत्मबलिदान. सगळा खेळ त्या "किंवा"चा आहे. मरणोत्तर देता येतं, म्हणजे मरणोत्तरच देतात असं नाही.

मेजर धनसिंग थापांचं तर बघा, १९६२ च्या चीन युद्धात लडाखमध्ये पँगाँग तलावाजवळ सिरीजापला लढले, सगळ्यांना वाटलं गेले, पण ते चीनच्या कैदेत होते आणि १९६३ ला परत आले, मरणोत्तर म्हणून जाहीर झालेलं चक्र त्यांचंच राहिलं.

आणि हो, रँकची पण अट नाही, बाना सिंग, संजय कुमार, योगेंद्रसिंग यादव या परमवीर चक्र मिळालेल्यांपैकी कुणीच तेव्हा मोठे अधिकारी नव्हते.