लोकांचा अर्थसंकल्प, १९०९

ब्रिटनचे उदारमतवादी अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी २९ एप्रिल १९०९ रोजी मांडलेला अर्थसंकल्प ‘पीपल्स बजेट’ या नावाने ओळखला जातो. श्रीमंतांवर चढत्या दराने कर बसवून गरिबांच्या हिताची कामे करायची, हे त्याचे उघड धोरण होते.

जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागले होते. जर्मनीशी चाललेल्या चढाओढीत ड्रेडनॉट युद्धनौकाही बांधायच्या होत्या. तिजोरीत सुमारे १.६ कोटी पौंडांची तूट पडणार होती. परदेशी मालावर जकात बसवून ती भरा, असे हुजूर पक्षातील जोसेफ चेंबरलेन यांच्या अनुयायांचे म्हणणे. पण धान्यावर जकात बसली की पाव महागणार आणि भार पुन्हा मजुरांवरच पडणार. म्हणून लॉइड जॉर्ज यांनी पैसा उत्पन्न, वारसा आणि जमीन यांतून काढायचे ठरवले.

आयकराचा वरचा दर पौंडामागे (तेव्हा एका पौंडाचे २४० पेन्स होत) १२ पेन्सांवरून १४ पेन्स झाला. वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांपेक्षा जास्त असेल, तर ३,००० च्या वरच्या सगळ्या रकमेवर पौंडामागे आणखी ६ पेन्सांचा ‘सुपर टॅक्स’ लागला. वर्षाला ६,००० पौंड मिळवणारा आधी ३०० पौंड कर भरत असे. आता त्याला ३५० पौंड आयकर आणि ७५ पौंड सुपर टॅक्स, असे एकूण ४२५ पौंड भरावे लागणार होते. म्हणजे उत्पन्नाच्या जेमतेम ७ टक्के! आजच्या दरांशी ताडून पाहिले, तर तेव्हाचा आरडाओरडा अवाजवी वाटतो.

खरी आग जमिनीवरच्या करांनी लावली. शहर वाढले, रेल्वे आली की मालकाने काहीही न करता जमिनीची किंमत चढते. या अनर्जित वाढीचा पाचवा हिस्सा विक्रीच्या किंवा वारसाच्या वेळी सरकारने घ्यायचा होता. त्यासाठी देशातील सर्व जमिनीचे ३० एप्रिल १९०९ च्या भावाने मूल्यांकन करणे आले. सरकारी अधिकारी आपल्या जहागिरीची मोजदाद करणार, हीच गोष्ट उमरावांना सर्वांत जास्त झोंबली. त्यात लॉइड जॉर्ज यांनी न्यूकॅसलच्या भाषणात सुनावले, की एक ड्यूक पोसायला दोन ड्रेडनॉटांइतका खर्च येतो.

अर्थसंकल्प न फेटाळण्याचा जुना संकेत मोडून उमरावांच्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाने ३० नोव्हेंबर १९०९ रोजी तो ३५० विरुद्ध ७५ मतांनी नाकारला. जानेवारी १९१० च्या निवडणुकीत उदारमतवाद्यांचे बहुमत गेले. आयरिश आणि मजूर पक्षांच्या आधाराने सरकार टिकले आणि एप्रिलमध्ये अर्थसंकल्प मंजूर झाला. उमरावांना या हट्टाची किंमत मोजावी लागली. १९११ च्या पार्लमेंट ॲक्टने धनविधेयक एका महिन्यापेक्षा जास्त अडवण्याचा त्यांचा अधिकार गेला. आपल्या संविधानात राज्यसभेला धनविधेयक १४ दिवसांत परत करावे लागते, ती तरतूद याच परंपरेतली आहे.

ज्या जमीन-करांवरून एवढे रण माजले, त्यांच्यातून मूल्यांकनाचा खर्चही निघाला नाही. लॉइड जॉर्ज स्वतः पंतप्रधान असताना, १९२० मध्ये, ते रद्द झाले. गाजावाजा कमी झालेला सुपर टॅक्स मात्र टिकला. पुढे ‘सरटॅक्स’ या नावाने तो १९७३ पर्यंत वसूल होत राहिला.