साइट-टू-साइट व्हीपीएनमधील राउटिंगचे दोषनिवारण

दूरच्या दोन कार्यालयांची स्थानिक नेटवर्क इंटरनेटवरून कूटबद्ध टनेलने कायमची जोडली, की त्या रचनेला साइट-टू-साइट व्हीपीएन म्हणतात. टनेल उभा असूनही एका टोकाचा संगणक दुसऱ्या टोकाला पोहोचत नसेल, तर पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) कोठे वाट चुकते हे शोधणे म्हणजे त्यातील राउटिंगचे, म्हणजे पॅकेटची वाट ठरवण्याचे, दोषनिवारण.

राउटरच्या पडद्यावर टनेलपुढे दिसणारी हिरवी खूण येथे बऱ्याचदा दिशाभूल करते. दोन्ही टोकांच्या गेटवेंनी (नेटवर्कच्या दारावरच्या उपकरणांनी) एकमेकांची ओळख पटवली आणि कूटबद्ध करण्याच्या किल्ल्या ठरवल्या, एवढेच तिच्यावरून कळते. पॅकेट टनेलपर्यंत येते का आणि त्याचे उत्तर परत फिरते का, हे तपासायचे उरतेच.

नेहमी सापडणारा दोष परतीच्या वाटेचा. समजा, मुख्य कार्यालय १९२.१६८.१०.०/२४ आणि शाखा १९२.१६८.२०.०/२४ या सबनेटवर (पत्त्यांच्या गटावर) आहे. मुख्य कार्यालयात व्हीपीएन सर्व्हर १९२.१६८.१०.५ वर, तर सर्व संगणकांचा डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेरचे सारे ज्याच्याकडे सोपवायचे तो, १९२.१६८.१०.१ वर. शाखेतून आलेले पॅकेट मुख्य कार्यालयातल्या प्रिंटरपर्यंत बिनबोभाट पोहोचते. प्रिंटर मात्र उत्तर गेटवेकडे देतो. गेटवेला शाखेचा पत्ता ठाऊक नसल्याने तो ते इंटरनेटच्या दिशेने ढकलतो आणि खासगी पत्त्याचे ते पॅकेट तिकडे नाहीसे होते. उपाय सोपा: शाखेच्या सबनेटसाठी १९२.१६८.१०.५ हा पुढचा टप्पा दाखवणारा स्टॅटिक रूट (हाताने नोंदवलेली वाट) गेटवेवर घालणे.

त्यानंतरही एक चमत्कारिक अवस्था उरू शकते. कार्यालयातून शाखेकडे पिंग (पोहोच तपासणारे छोटे पॅकेट) जातो, पण टीसीपी जोडणी (दोन्ही टोकांच्या संवादातून उभी राहणारी) होत नाही किंवा थोड्याच वेळात तुटते. कारण जाणारे पॅकेट गेटवेमार्गे जाते, उत्तर मात्र व्हीपीएन सर्व्हर थेट संगणकाला देतो. जोडणीचा अर्धाच संवाद पाहणारा गेटवेवरील फायरवॉल पुढची पॅकेट अवैध ठरवून टाकून देतो. फायरवॉलचा नियम सैल करून हे भागते. पण व्हीपीएन सर्व्हर वेगळ्या सबनेटवर नेणे, किंवा टनेल गेटवेवरच संपवणे, अधिक बरे.

आयपीसेक या टनेल कूटबद्ध करणाऱ्या प्रणालीच्या धोरणाधारित रचनेत राउटिंग टेबल (वाटांची यादी) अचूक असूनही पॅकेट अडते. कोणत्या सबनेटकडून कोणत्या सबनेटकडे जाणारी वाहतूक टनेलमध्ये घ्यायची, ते दोन्ही टोकांना जुळवून लिहावे लागते. नवे सबनेट एकाच टोकाला नोंदवले, की जुनी वाहतूक सुरळीत आणि नवी बंद. राउटरवरूनच केलेला पिंगही याच कारणाने फसतो: त्याचा स्रोत पत्ता बाहेरच्या इंटरफेसचा असतो, म्हणून स्रोत म्हणून आतला पत्ता सांगावा लागतो. इंटरनेटसाठीचा नॅटचा (पॅकेटवरील पत्ता बदलण्याचा) नियम टनेलच्या वाहतुकीलाही लागू झाला, तर स्रोत बदलतो आणि पॅकेट धोरणात बसत नाही; अशी वाहतूक नॅटमधून वगळावी लागते. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएन प्रणालीत परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी दुहेरी काम करते: बाहेर जाताना कोणत्या जोडीदाराकडे पाठवायचे ते ठरवते आणि आत येताना गाळणी होते.

दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ हेच सबनेट असेल, तर रूट घालून काही साधत नाही. संगणक पलीकडचा पत्ता आपल्याच नेटवर्कवर शोधतो आणि पॅकेट गेटवेकडे येतच नाही. एका टोकाचे पत्ते बदलणे कटकटीचे, पण टिकाऊ. एकास-एक नॅट, म्हणजे प्रत्येक पत्त्याला एक पर्यायी पत्ता देणे, ही तडजोड.

शोध घेताना टनेलचे मोजक आधी पाहावेत. कूटबद्ध झालेल्या पॅकेटांचा आकडा वाढतो आणि उलगडलेल्यांचा शून्यावर राहतो, तर आपल्याकडची जाण्याची वाट ठीक आहे. दोष मधल्या मार्गात, पलीकडे किंवा परतीच्या वाटेवर आहे. दोन्ही आकडे स्थिर असतील, तर पॅकेट टनेलपर्यंत आलेलेच नाही. मग स्थानिक इंटरफेस, टनेल आणि पलीकडचा स्थानिक इंटरफेस अशा क्रमाने टीसीपीडम्प (पॅकेट टिपून दाखवणारे साधन) लावून पॅकेट शेवटचे कोठे दिसले ते पाहतात. ते पलीकडच्या संगणकापर्यंत पोहोचूनही उत्तर नसेल, तर त्या संगणकाचा स्वतःचा फायरवॉल तपासावा. आपल्या सबनेटबाहेरून आलेला पिंग तो नाकारत असू शकतो, आणि तासभर राउटर चाळून झाल्यावरच हे बहुधा आठवते.

पिंग जातो, पण मोठी फाइल अडकते, हा दोष राउटिंगचा नव्हे, आकाराचा. इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा साधारणतः १५०० बाइटची. आयपीसेकची वेष्टने त्यातली काही जागा खातात. पॅकेटचे तुकडे न करण्याची खूण लावून पिंगचा आकार १४७२ बाइटपासून उतरवत नेला, की खरी मर्यादा सापडते. मग गेटवेवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधील डेटाची कमाल मर्यादा) त्यानुसार कमी करतात.