पिसदुऱ्याच्या शेणातलं गवत

नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं की शंभरेक किलोमीटरवर वरोरा येतं. आनंदवनामुळे ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच भागातलं पिसदुरा हे गाव मात्र आपल्यापेक्षा परदेशातल्या जीवाश्म अभ्यासकांना जास्त माहीत असावं, आणि त्याला कारण आहे शेण. इथल्या शेतांत सापडणारे काही गोल, लांबट, पिळदार दगड म्हणजे डायनोसॉरच्या काळातली दगड झालेली विष्ठा. अभ्यासक त्यांना कॉप्रोलाइट म्हणतात.

एखाद्या प्राण्याने काय खाल्लं याचा यापेक्षा थेट पुरावा नाही. पण पान तर पोटात पचतं, उरलेलं कुजतं. मग साडेसहा कोटी वर्षांनंतर हाती काय लागणार? धानाच्या बांधीत काम केलेल्या माणसाला याचं उत्तर अर्धं ठाऊक असतं, कारण धानाच्या पात्याने त्याचे हातपाय चिरलेले असतात. गवताच्या कुळातल्या वनस्पती जमिनीतल्या पाण्याबरोबर सिलिका शोषतात आणि ती पेशींमध्ये साठवतात. पेशी कुजते, पण तिच्या साच्यात घट्ट झालेला काचेसारखा कण टिकतो. हा फायटोलिथ. डंबेलसारखा, खोगिरासारखा असे त्याचे नाना आकार असतात, आणि त्यावरून गवताचा गट ओळखता येतो.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद यांना पिसदुऱ्याच्या कॉप्रोलाइटमध्ये असे कण दिसले. ते नेमके कुठल्या गवताचे, हे ठरवायला जगभरच्या आजच्या आणि जुन्या गवतांशी ताडून पाहिलेली नजर हवी होती. तशी नजर स्टॉकहोमच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या कॅरोलीन स्ट्रोमबर्ग यांच्याकडे होती. २००५ मध्ये दोघींचा सहकाऱ्यांसह निबंध ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आला: निदान पाच प्रकारची गवतं डायनोसॉरच्या काळात भारतात उगवत होती. तोवर गवताचे निर्विवाद जीवाश्म साधारण साडेपाच कोटी वर्षांच्या अलीकडचेच होते. चित्रांमध्ये डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढलं की ती चित्रकाराची चूक धरली जाई. त्या चित्रकारांची थोडी तरी माफी मागायला हवी.

पुढचा निबंध २०११ चा, आणि त्यात नागपूर विद्यापीठाचा भूशास्त्र विभागही आहे. सोबत लखनौ, चंदीगड, सिएटल आणि बीजिंग. एवढी गर्दी कशाला? कारण या वेळी प्रश्न भाताच्या कुळाचा होता. दोन वनस्पतींच्या जनुकांत जितका फरक, तितका काळ त्यांना वेगळं होऊन लोटला, असा हिशेब मांडता येतो. पण हे घड्याळ आपलं आपण लावता येत नाही. वय ठाऊक असलेला एखादा जीवाश्म मधे रोवावा लागतो. जनुकं बीजिंगकडे, जीवाश्म आणि ते ज्या थरात सापडले त्यांची जाण इकडे. निष्कर्ष असा की भाताच्या कुळाची सुरुवात डायनोसॉर असतानाच झाली होती. सगळ्यांना तो पटलेला नाही. नुसत्या फायटोलिथवर घड्याळ लावावं का, यावर अजून वाद आहे.

असं काम परदेशाबरोबर करायचं तर करार आला. आपल्याकडे विद्यापीठाचा परदेशी संस्थेशी सामंजस्य करार म्हटला की फाइल हातात धरलेल्या मान्यवरांचा फोटो डोळ्यांपुढे येतो. मी अशी बातमी वाचताना एकच शोधतो: कुठली वस्तू कुठे जाणार, आणि ती परत येणार का?

हा प्रश्न नागपुरात जुना आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये इथे आले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरजवळच्या टाकळीपासून चंद्रपूरकडच्या मांगलीपर्यंत जीवाश्म गोळा केले. मांगलीच्या वालुकाश्मातली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली आणि जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिचं ‘ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स’ असं बारसं केलं. दगड इथला, नाव तिथलं.

परदेशी कंपनी भागीदार असेल तर गुंता निराळा. नागपूर विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग फॉस्फरवर, म्हणजे एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा देणाऱ्या भुकट्यांवर, वर्षानुवर्षं काम करतो. पांढरा एलईडी बहुधा आतून निळाच असतो. त्यावरचा पिवळा फॉस्फर त्याला पांढरा करतो. इथे सीमेपार जाते ती भुकटी नव्हे, ती बनवण्याची कृती. आणि पेटंटचा अर्ज करण्याआधी ती छापली, तर तिचं नावीन्य संपतं. विद्यार्थ्याला निबंध लवकर हवा असतो, कंपनीला तो उशिरा. करारातलं खरं भांडण या एका कलमावर असतं.

हाडांचं तसं नाही. १९८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना (वरच्या भाताच्या निबंधातही ते आहेत) गुजरातेत धोली डुंगरीला डायनोसॉरच्या अंड्यांशेजारी बारीक हाडं सापडली. ती पिल्लाची असावीत असं तेव्हा वाटलं. २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यांना त्यात सापाचे मणके दिसले. सर्वेक्षणाशी रीतसर करार झाला, दगड अमेरिकेत गेला, आणि तिथे वर्षभर जपून साफ केला गेला. आतून निघाला साडेतीन मीटरचा साप, अंड्याभोवती वेटोळं घातलेला. त्याचा जबडा आजच्या अजगरासारखा उघडत नव्हता, म्हणजे अंडं गिळणं त्याला जमलं नसतं; तो नुकत्याच बाहेर पडलेल्या, अर्ध्या मीटरच्या पिल्लाची वाट बघत असावा. २०१० मध्ये त्याचं नाव ठेवलं ‘सनाजेह इंडिकस’. निबंधावर विल्सन यांच्यानंतर लगेच मोहबे यांचं नाव आहे, आणि नमुन्याचा क्रमांक ‘जीएसआय’ या, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या इंग्रजी आद्याक्षरांनी सुरू होतो.