वामनदादा निरक्षर नव्हते

१४ एप्रिल, आंबेडकर जयंती आली की नाशिकच्या मंडपांत लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी लागतात, आणि माइकवरून हमखास ऐकू येतं : ‘दादांना अक्षरओळखही नव्हती!’ हे साफ चूक आहे.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे दादा, जन्म १९२२चा. शाळेत गेले नाहीत, एवढंच खरं. मुंबईच्या चाळीत कुणीतरी पत्र वाचून दाखवायला त्यांच्या हातात दिलं. वाचता येईना. रडू फुटलं. मग देहलवी मास्तरांकडून बाराखडी गिरवली, रस्त्यावरच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. ऐन तारुण्यात हे करायला केवढी जिद्द लागते! त्यांना निरक्षर म्हटलं की ती मेहनतच पुसली जाते. १९४३पासून ते गाणी रचू लागले. पुढे संग्रहही छापून आले.

सूत्रसंचालकांनो, यंदा ते वाक्य गाळा. पत्राची गोष्ट सांगा.