लहान कंपनीत कामाचा आठवडा आणि विश्रांतीच्या वेळा ठरवणे : प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

दहा-बारा माणसांच्या कंपनीत कामाचे तास बहुधा तोंडीच ठरलेले असतात. पुढे वाद निघाला की प्रत्येकाला वेगळे आठवते आणि नुकसान बहुतेक वेळा कर्मचाऱ्याचे होते. ते टाळायचे असेल तर धोरण लेखी असावे आणि ते ठरवण्याची पद्धतही सर्वांना माहीत असावी.

मसुद्याला हात लावण्यापूर्वी आपल्या आस्थापनेला लागू असलेल्या कामगार कायद्यातील पाच गोष्टी एका कागदावर उतरवून घ्याव्यात : कामाच्या तासांची दैनिक मर्यादा, साप्ताहिक मर्यादा, सलग किती तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, साप्ताहिक सुटी आणि जादा कामाच्या मोबदल्याचा दर. कंपनीला यापेक्षा अधिक सवलत देता येते. कमी देता येत नाही, आणि कायद्यातच तशी मुभा नसेल तर कर्मचाऱ्याचे संमतीपत्र घेऊनही ते साधत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1919 मध्ये उद्योगांसाठी आणि 1930 मध्ये व्यापारी आस्थापना व कार्यालयांसाठी दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, तर 1957 च्या करारात दर सात दिवसांत किमान 24 तासांची सलग विश्रांती सांगितली. देशोदेशीचे आकडे मात्र वेगवेगळे असल्यामुळे दुसऱ्या कंपनीचे धोरण जसेच्या तसे उतरवून घेऊ नये.

पात्रतेचे कलम थोडक्यात, पण नेमके लिहावे. पूर्णवेळ, अर्धवेळ, पाळीतील, परिवीक्षाधीन आणि कंत्राटी अशा प्रत्येक गटाला धोरणाचा कोणता भाग लागू आहे, ते नमूद करावे. एखाद्याच्या पदनामात ‘व्यवस्थापक’ हा शब्द आहे एवढ्यावरून त्याला तासांच्या मर्यादेतून वगळू नये; ती सूट कायद्यानुसार प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहून ठरते.

सहा दिवसांचा आठवडा पाच दिवसांचा करताना सर्वाधिक चुका हिशेबात होतात. 48 तास सहा दिवसांत वाटले तर रोज 8 तास होतात, पण तेच पाच दिवसांत बसवले तर रोज 9 तास 36 मिनिटे होतात, आणि अर्ध्या तासाची विनावेतन सुटी धरल्यास कामावरची उपस्थिती 10 तास 6 मिनिटांवर जाते. दैनिक मर्यादा येथेच ओलांडली जाऊ शकते. रजांचाही हिशेब नव्याने करावा लागतो, कारण सहा दिवसांच्या आठवड्यातील 18 रजा म्हणजे तीन आठवडे, आणि पाच दिवसांच्या आठवड्यात तेवढ्याच तीन आठवड्यांना 15 रजा पुरतात. हा बदल पगारपत्रकात दिसण्याआधी कर्मचाऱ्यांना समजावून सांगितला नाही, तर रजा कापल्याची भावना होते, आणि ती रास्तच असते.

विश्रांतीचे कलम सर्वाधिक काळजीने लिहावे. 1930 च्या कराराची व्याख्या येथे फार उपयोगी पडते : कर्मचारी मालकाच्या दिमतीला असतो तो सगळा वेळ कामाचा, आणि तो दिमतीला नसतो तेवढीच विश्रांती. याचा अर्थ, जेवताना फोन घ्यावा लागत असेल किंवा ग्राहक आल्यावर उठावे लागत असेल, तर ती सुटी धरता येत नाही. अमेरिकेच्या संघीय नियमांतही 5 ते 20 मिनिटांची छोटी सुटी कामाच्या वेळेत मोजली जाते, आणि साधारण 30 मिनिटांची जेवणाची सुटी विनावेतन ठेवायची असेल तर कर्मचारी कामातून पूर्ण मोकळा असावा लागतो. त्यामुळे धोरणात केवळ ‘अर्धा तास सुटी’ असे न लिहिता ती कोणत्या वेळेच्या दरम्यान घ्यायची, सवेतन की विनावेतन, आणि त्या वेळात त्या जागेवर कोण बसेल, हे तिन्ही तपशील द्यावेत. लहान कंपनीत तिसरा तपशील सर्वांत महत्त्वाचा ठरतो. बदली माणूस नेमलेला नसला की सुटी कागदावरच राहते.

प्रक्रियेची सुरुवात मागील तीन महिन्यांच्या हजेरीपत्रकापासून करावी, कारण ठरलेले तास आणि प्रत्यक्ष भरलेले तास यांतील फरक तेथेच कळतो. त्यानंतर मसुदा सर्वांना वाचायला द्यावा, लेखी सूचनांसाठी निदान पंधरा दिवस ठेवावेत, आलेल्या सूचनांवर काय निर्णय झाला त्याची नोंद करावी आणि मग संचालकांचा किंवा भागीदारांचा ठराव करून अंमलबजावणीची तारीख जाहीर करावी. या कामासाठी हजेरीपत्रक, सर्वांची नियुक्तिपत्रे, पदनिहाय कर्मचारी यादी, जादा कामाची व त्याच्या मोबदल्याची नोंदवही, अंतिम धोरणाची स्वाक्षरीत प्रत, ठरावाची प्रत आणि प्रत्येकाची पोचपावती एका धारिकेत ठेवावी. नियुक्तिपत्रातील तास बदलत असतील तर कर्मचाऱ्याच्या संमतीने स्वतंत्र पुरवणी पत्र करावे. कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळा दर्शनी जागी लावाव्यात, आणि नोंदणीच्या वेळी कामगार कार्यालयाला तास कळवले असतील तर तेथेही बदल कळवावा.

एखाद्या कर्मचाऱ्याला वेगळ्या वेळा हव्या असल्यास त्याने सध्याच्या वेळा, मागितलेल्या वेळा, कालावधी आणि आपल्या कामाची पर्यायी व्यवस्था नमूद करून अर्ज करावा. कारण सांगणे ऐच्छिक असावे. कायद्याने कारण किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक असेल तेवढ्यापुरतेच ते मागावे. अर्जावर ठरलेल्या मुदतीत लेखी निर्णय द्यावा, आणि नकार असल्यास त्याचे कारण व फेरविचारासाठी कोणाकडे जावे, हे त्याच पत्रात लिहावे.