फेसलिफ्ट

वयोमानाने ओघळलेले गाल, जबड्याची पुसट झालेली कड आणि मानेची सैल कातडी वर उचलून बसवण्याची शस्त्रक्रिया. तिचे वैद्यकीय नाव ‘ऱ्हिटिडेक्टमी’. मूळ ग्रीक शब्दांप्रमाणे अर्थ होतो ‘सुरकुत्या कापून काढणे’, पण हे नाव फसवे आहे. ओठांभोवतीच्या बारीक रेषा, कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या किंवा वांग यांतले काहीच फेसलिफ्टने जात नाही. इलाज ओघळण्यावर आहे, आणि ओघळतो तो मुख्यतः कातडीखालचा थर.

हे कळायला शल्यचिकित्सकांना सत्तरेक वर्षे लागली. बर्लिनच्या ऑयगेन होलेंडर यांनी १९०१ साली अशी शस्त्रक्रिया केल्याचे पुढे लिहून ठेवले. त्यानंतर अनेक दशके कानापुढची कातडी ओढायची, उरलेली कापायची आणि टाके घालायचे, एवढेच चाले. कातडी ताणली जाणारीच. ती पुन्हा सैल पडे, आणि तोवर चेहरा समोरून सोसाट्याचा वारा लागल्यासारखा दिसे. स्वीडनचे टोर्ड स्कूग यांनी १९७४ मध्ये खालचा थरही उचलण्याची पद्धत मांडली. मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १९७६ मध्ये त्या थराची रचना दाखवून दिली. त्याला ‘स्मास’ म्हणतात. खाली तो मानेच्या पातळ स्नायूशी जोडलेला असतो. आज ओढ या थरावर दिली जाते आणि कातडी ताण न देता वरून पसरली जाते. ‘डीप प्लेन’ पद्धतीत या थराच्या खाली शिरून त्याला धरून ठेवणारे बंधही मोकळे करतात.

छेद कानशिलाजवळच्या केसांपासून कानापुढून उतरतो, पाळीला वळसा घालून मागच्या केसांत जातो. पाळीवर ताण आला तर ती खाली ओढली जाऊन गालाला चिकटल्यासारखी दिसते. कानात डूल घालणाऱ्या बाईला हे आरशात रोज खटकणार. पुरुषांत दाढीची कातडी सरकते, त्यामुळे काहींना नंतर कानामागेही वस्तरा फिरवावा लागतो. पूर्ण भूल, किंवा गुंगी आणि स्थानिक भूल, यांपैकी एक वापरतात. शस्त्रक्रिया काही तास चालते.

सर्वांत जास्त आढळणारा धोका म्हणजे कातडीखाली रक्त साकळणे. तो पुरुषांत आणि रक्तदाब चढा असणाऱ्यांत अधिक. पहिल्या दिवसात एकाच बाजूला वाढती सूज आणि दुखणे जाणवले तर सकाळची वाट पाहू नये. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या आधी थांबवायच्या असतात, पण हृदयरोग्याने त्या परस्पर बंद करू नयेत. धूम्रपान करणाऱ्यांत कानामागची कातडी रक्त न पोचल्याने मरू शकते, म्हणून शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधीपासून आणि नंतरही सिगारेट बंद ठेवायला सांगतात. तंबाखूची पुडी आणि निकोटीनचे च्युइंगमही यातच धरावे. ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवणे महागात पडते. चेहऱ्याच्या हालचालींचे चेतातंतू दुखावणे क्वचित घडते आणि बहुधा तात्पुरते असते. कानाच्या पाळीची बधिरता मात्र महिनोन्‌महिने टिकू शकते. सावळ्या त्वचेत व्रण जाड होण्याची किंवा काळवंडण्याची शक्यता अधिक, तेव्हा पूर्वीच्या जखमेची गाठ झाली असेल तर ते आधीच सांगावे.

टाके आठ-दहा दिवसांत निघतात. काळेनिळे डाग ओसरायला दोनेक आठवडे लागतात, आणि खरा चेहरा दिसायला काही महिने. म्हणून घरचे लग्न पुढच्या महिन्यात असेल तर आत्ता शस्त्रक्रिया करू नये. परिणाम साधारण दहा वर्षे टिकतो. वय थांबत नाही, आणि वजन बरेच घटले तर चेहरा लवकर उतरतो. दोरे घालून गाल उचलण्याचा ‘थ्रेड लिफ्ट’ त्यामानाने अल्पजीवी असतो.

भारतात या शस्त्रक्रियेसाठी प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी पाहावी. पाटीवर नुसते ‘कॉस्मेटिक’ लिहिलेले असणे ही पात्रता नव्हे. महाराष्ट्रात डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येते. निव्वळ सौंदर्यासाठीचा खर्च आरोग्यविमा देत नाही, आणि इतर उपचारांना असलेली जीएसटीची सूटही त्याला नाही. खर्च विचारताना भूलतज्ज्ञ, खाट आणि गुंतागुंत झाल्यास दुसऱ्यांदा करावी लागणारी शस्त्रक्रिया धरून आकडा मागावा.