निविदेत दिवसालाही भाव असता तर

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसमधल्या नॉर्थरिजला भूकंप झाला आणि सांता मोनिका फ्रीवेवरचे पूल कोसळले. हा रस्ता बंद राहिला की रोजचं नुकसान सुमारे १० लाख डॉलर, असा सरकारी हिशेब निघाला. कॅल्ट्रान्सनं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वाहतूक खात्यानं, करारात अट घातली: मुदत १४० दिवस. उशीर झाला तर दिवसाला २ लाख डॉलर दंड, लवकर झालं तर दिवसाला तेवढंच बक्षीस. सी. सी. मायर्स कंपनीनं १ कोटी ४९ लाख डॉलरला काम घेतलं, रात्रंदिवस पाळ्या लावल्या आणि ६६ दिवसांत रस्ता खुला केला. बक्षिसाची रक्कम मूळ कंत्राटाच्या जवळपास गेली. आपल्याकडे हे घडतं, तर अधिवेशनात पहिला प्रश्न त्या बक्षिसावरच आला असता.

याच विचारावर उभ्या असलेल्या एका पद्धतीला 'ए प्लस बी' निविदा म्हणतात. कंत्राटदार रक्कम (ए) सांगतो आणि दिवसही (बी) सांगतो; दिवसांना पैशांचा भाव लावून दोन्हींची बेरीज करतात, आणि ती ज्याची कमी त्याला काम. एक काल्पनिक पूल घेऊ. पहिला म्हणतो ५० कोटी, ४०० दिवस. दुसरा म्हणतो ५३ कोटी, २५० दिवस. वाहतुकीचा खोळंबा, जळणारं इंधन, वाया जाणारे तास मिळून दिवसाचं नुकसान ५ लाख धरलं, तर पहिल्याची बेरीज ७० कोटी होते आणि दुसऱ्याची साडेपासष्ट. काम दुसऱ्याला मिळतं. त्याच्या हाती पडतात ५३ कोटीच. पण २५० दिवस ही आता त्याची स्वतःची मुदत झाली. फुशारकीनं कमी दिवस लिहिले, तर दंड त्याच्याच खिशातून.

ग्रेगरी लुइस आणि पॅट्रिक बाजारी या अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातली महामार्गाची कंत्राटं तपासली. अशा करारांतली कामं ३० ते ४० टक्के लवकर संपली होती.

हे वाचलेले दिवस येतात कुठून? काँक्रीटला घाई चालत नाही. सिमेंटचं रसायन कंत्राटदाराचं ऐकत नाही. वेळ खरा जातो तो वाट पाहण्यात. सेंट्रिंगचा, म्हणजे ओलं काँक्रीट तोलून धरणाऱ्या साच्याचा आणि टेकूंचा, एकच संच असेल, तर एका गाळ्याचा, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाचा, स्लॅब ताकद धरेपर्यंत पुढचा गाळा नुसता उभा राहतो. चार संच आणले तर चार गाळे एकदम भरता येतात. दुसरी क्रेन, रात्रपाळी, आगाऊ मागवलेले गर्डर या सगळ्याला पैसे लागतात. आणि आपल्याकडे सर्वांत कमी रकमेला, म्हणजे एल-वनला काम द्यायचं असल्यानं हा खर्च धरणारा माणूस निविदा उघडतानाच बाद होतो. जिंकतो तो अंदाजपत्रकापेक्षा २०-२५ टक्के 'बिलो' भरणारा. तो मग एकच सेंट्रिंग तीन साइटवर फिरवतो. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्या हिशेबात दिवस जवळजवळ फुकट आहे. दंडाचं कलम असतं, पण मुदतवाढीचा अर्जही ठरलेला असतो.

ही पद्धत उद्या जशीच्या तशी उचलली तर मात्र फसेल. कार्यादेश निघाला तरी विजेचे खांब जागचे हललेले नसतात, जलवाहिनीचा नकाशा कुणाकडे नसतो, भूसंपादनाचा एखादा तुकडा कोर्टात असतो. अशा वेळी दिवसांची बोली लावायला सांगणं म्हणजे पत्ते लपवून डाव मांडणं. मोकळी जागा ताब्यात देईपर्यंत घड्याळ सुरूच होता कामा नये. दिवसही सगळ्याच कामांत महाग नसतो: शहरातल्या उड्डाणपुलाला ही पद्धत शोभेल, आडगावच्या जोडरस्त्याला कदाचित नाही.

वाट अगदीच बंद नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी ठरावीक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायला मुभा दिली, म्हणजे तिथे कमी रक्कम हा एकमेव निकष उरत नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या ईपीसी करारात, म्हणजे आराखडा, खरेदी आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे देणाऱ्या करारात, लवकर कामाला बोनसही आहे. तो देताना अभियंत्याचा हात अडखळतो, कारण बोनसची रक्कम कागदावर आकड्यात दिसते आणि तिच्यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप येऊ शकतो. मुदतवाढीच्या वर्षभरात लोकांनी जाळलेलं डिझेल मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाच्या सरकारी नोंदवहीत, चढतच नाही.